जग वर्गात कधी येणार?

परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडू द्याव्यात की नाही, हा वाद आपल्याकडे सुमारे तीन दशके चालला. तो आता व्यवहारात संपल्यासारखा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये यासंबंधीचे नियम जारी केले. गुजरातेतील गिफ्ट सिटीमध्ये तेथील स्वतंत्र नियमांखाली ऑस्ट्रेलियातील डीकिन आणि वोलोंगाँग या विद्यापीठांच्या शाखा २०२४ साली सुरू झाल्या. ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने २०२५ साली गुरुग्राम येथे शाखा उघडली; आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात नवी मुंबई परिसरासाठी पाच परदेशी संस्थांना मुंबईत समारंभपूर्वक इरादापत्रे देण्यात आली. आता आपले शिक्षण आंतरराष्ट्रीय होणार, अशी एक भावना यामुळे निर्माण झाली आहे. ती निर्माण व्हावी, असा शासनाचा प्रयत्नही आहे.

या शाखा येण्यास विरोध करण्याचे काही कारण नाही. ज्यांना तेथील शुल्क परवडेल ते तेथे शिकतील आणि त्यांचा परदेशी जाण्याचा खर्च वाचेल. परंतु परदेशी विद्यापीठाची इमारत आपल्या भूमीवर उभी राहणे आणि आपल्या शिक्षणाला जागतिक दृष्टी लाभणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट करार आणि भूखंड यांनी साधते. दुसरी साधते ती वर्गात, शिक्षकाच्या तोंडून आणि अभ्यासक्रमाच्या पानांतून. तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. म्हणून हा प्रश्न एकदा नीट मांडणे आवश्यक आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्र शासनाच्या उच्च शिक्षणविषयक पाहणीनुसार २०२१-२२ साली देशात सुमारे ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांत परदेशी विद्यार्थी होते ४६ हजार ८७८. म्हणजे सुमारे सव्वानऊशे विद्यार्थ्यांमागे एक. त्यांतही पाव हिश्श्याहून अधिक विद्यार्थी नेपाळचे. उलट दिशेने पाहिले, तर २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत दरवर्षी साडेसात लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिक्षणासाठी परदेशी गेले. हा आकडा मोठा वाटतो. पण तो एकूण विद्यार्थिसंख्येच्या सुमारे दोन टक्केच भरतो.

याचा अर्थ उघड आहे. शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव विद्यार्थी परदेशी जाणार नाहीत आणि परदेशी विद्यार्थ्याशी त्यांची गाठ पडण्याचाही संभव अल्प आहे. कारकुनाचा मुलगा, एस. टी. वाहकाची मुलगी, दोन एकर कोरडवाहू जमिनीवर गुजराण करणाऱ्या शेतकऱ्याचे मूल हे या अठ्ठ्याण्णवांत येतात. त्यांना जगाचे जे काही दर्शन व्हायचे ते तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात, तेथील शिक्षकाकडूनच व्हायचे आहे. ते तेथे झाले नाही, तर पुढे ते त्यांना होईल ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून आणि हातातल्या फोनवरून, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी आणि बहुधा पूर्वग्रहांच्या रूपाने. जगाविषयीचे ज्ञान हा शुल्क भरू शकणाऱ्यांचाच अधिकार होऊ द्यायचा की काय, हा खरा प्रश्न आहे. परदेशी शाखांच्या उत्सवात तो हरवता कामा नये.

परदेशी साचा, देशी अडगळ

गंमत अशी की, आपली विद्यापीठे मुळातच परदेशी आहेत. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्या काळी लंडन विद्यापीठ प्रामुख्याने परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ होते. शिकविण्याचे काम महाविद्यालये करीत. पुढे लंडनने स्वतः तो साचा बदलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून ते शिकविणारे विद्यापीठ झाले. आपण मात्र संलग्नतेची ती पद्धती सांभाळून ठेवली. एका मंडळाने अभ्यासक्रम ठरवायचा, दुसऱ्याने प्रश्नपत्रिका काढायची, तिसऱ्याने उत्तरपत्रिका तपासायच्या आणि शिक्षकाने या तिघांच्या मधल्या जागेत उभे राहून नोट्स सांगायच्या, अशी ही व्यवस्था आहे. त्यात शिक्षकाला नवा विषय, नवे उदाहरण किंवा दुसऱ्या समाजाचा अनुभव आणायचा असेल, तर तो आणायचा कोठे? जे प्रश्नपत्रिकेत नाही ते वर्गात टिकत नाही, हा आपल्याकडील अलिखित नियम आहे.

अभ्यासक्रमात परदेश मुळीच नाही, असे नव्हे. तो आहे, परंतु एकाच दिशेचा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इंग्लंडमधील औद्योगिक क्रांती आणि फ्रान्समधील राज्यक्रांती ठाऊक असते. शेजारच्या श्रीलंकेचा वा ब्रह्मदेशाचा विसाव्या शतकातील इतिहास त्याला ठाऊक नसतो. अर्थशास्त्रात ब्रिटिश आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांतील सिद्धान्त येतात. ते ज्या परिस्थितीत जन्मले ती परिस्थिती येत नाही. अशा शिक्षणात परदेश हा अभ्यासाचा विषय होत नाही. तो प्रमाण होतो. ज्याला प्रमाण मानले त्याची चिकित्सा होत नाही आणि ज्याची चिकित्सा होत नाही त्याच्याशी संवादही होत नाही. जागतिक दृष्टी म्हणजे पाश्चात्त्य पुस्तकांची संख्या वाढविणे नव्हे, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे.

आपल्याच घरातील दाखले

मग ही दृष्टी असते तरी कशी? त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या विद्याजीवनात तिचे उत्तम दाखले आहेत.

पहिला दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेविषयी निबंध वाचला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते. त्या निबंधात फ्रेंच पंडित सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले यांच्या व्याख्यांची परीक्षा आहे, अनुकरणाविषयीचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द याचा सिद्धान्त जातींच्या प्रसाराला लावून पाहिलेला आहे, आणि डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या विवेचनाचीही दखल आहे. केतकरांनी आपला जातिसंस्थेवरील ग्रंथ अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना लिहिला होता. एका अमेरिकन वर्गात एक भारतीय विद्यार्थी फ्रेंच सिद्धान्त हाती घेऊन, इंग्रजांची मते तपासून, एका मराठी विद्वानाशी चर्चा करीत स्वतःच्या समाजाचे शल्य उलगडून दाखवतो. आंतरराष्ट्रीय वर्ग म्हणतात तो हा. त्याला तसे स्वरूप आले याचे कारण, विद्यार्थ्याचा समाज हा तेथे ज्ञानाचा विषय मानला गेला आणि त्या समाजाविषयी बोलण्याचा विद्यार्थ्याचा अधिकारही मान्य झाला.

दुसरा दाखला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली आरंभिले गेले आणि १९६६ साली पूर्ण झाले. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेले डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर केंब्रिजमध्ये गणित आणि बर्लिनमध्ये संस्कृत शिकून आले होते. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांच्या संपादनासाठी युरोपात विकसित झालेली पाठचिकित्सेची पद्धती त्यांना अवगत होती. परंतु शेकडो वर्षे निरनिराळ्या प्रांतांत आणि लिप्यांत वाढत गेलेल्या, हस्तलिखितांची परस्परांत सतत सरमिसळ झालेल्या महाभारताला ती जशीच्या तशी लागू पडणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि तीत आवश्यक ते फेरफार केले. हस्तलिखिते ताडून पाहण्याचे काही काम तंजावर आणि शांतिनिकेतन येथेही चालले. सभापर्वाचे संपादन अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. परकी पद्धती घ्यावी, ती आपल्या द्रव्यावर कसून पाहावी आणि जेथे ती अपुरी पडेल तेथे ती सुधारून जगाला परत करावी, याचा यापेक्षा चांगला धडा विद्यार्थ्यापुढे कोणता ठेवता येईल?

तिसरा दाखला इरावतीबाई कर्वे यांचा. विसाच्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकण्यास गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशभेदाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते. मानवी कवट्यांची असममिती आणि वंश यांचा संबंध शोधण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी मोजमापे केली आणि असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. परदेशी गुरूकडे शिकणे म्हणजे त्याचा होकार होणे नव्हे. किंबहुना, दुसऱ्या समाजातून आलेला विद्यार्थी वर्गात असला म्हणजे त्या वर्गातील गृहीतांचीच परीक्षा होते.

या तिघांच्याही बाबतीत परदेशी जाणे हे निमित्त होते. त्यांनी तेथून पदवी आणली आणि तिच्याबरोबर तुलनेची सवय आणली. केतकरांनी परत आल्यावर मराठीत ज्ञानकोश सिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनाखंडाचा पहिला भागच त्यांनी ‘हिंदुस्थान आणि जग’ या विषयाला वाहिला. मराठी वाचकाला आपले स्थान जगाच्या नकाशावर दाखवावे, हा त्यामागील हेतू होता. ही सवय आज जे परदेशी जाणार नाहीत त्यांना कशी लावायची, एवढाच आपल्यापुढील प्रश्न आहे.

माल्मो येथील विचार

युरोपलाही हा प्रश्न पडला होता. विद्यार्थ्यांनी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन शिकावे यासाठी युरोपीय समुदायाने १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू केली. ती पुष्कळ गाजली आणि तिचा लाभही पुष्कळांना झाला. तथापि, ज्यांना जाता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच. स्वीडनमधील माल्मो येथे १९९८ साली नवे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा तेथील बेंग्ट निल्सन यांनी त्याला एक निराळे उत्तर दिले. नव्या विद्यापीठाजवळ परदेशी विद्यापीठांशी जुने संबंध नव्हते; परंतु माल्मो शहरातच नाना देशांतून आलेली माणसे राहत होती. तेव्हा जग शहरात असेल तर ते वर्गात आणावे, म्हणजेच घरी राहूनच आंतरराष्ट्रीय व्हावे, असा विचार त्यांनी मांडला. पुढे हा विचार युरोपभर पसरला. तो किती आवश्यक होता हे एका आकड्यावरून कळते. युरोपातील शिक्षणमंत्र्यांनी २००९ साली ठरविलेले उद्दिष्ट असे होते की, २०२० पर्यंत पदवीधरांपैकी निदान वीस टक्क्यांनी शिक्षणाचा काही काळ परदेशी घालविलेला असावा. संपन्न युरोपचे उद्दिष्टच वीस टक्क्यांचे होते. म्हणजे उरलेले ऐंशी टक्के घरीच राहणार, हे तेथेही गृहीत होते.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२१ साली आंतरराष्ट्रीयीकरणासंबंधी मार्गदर्शक सूत्रे प्रसृत केली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालये काढावीत, असे त्यांत सांगितले आहे. कार्यालये निघतीलही. पण कार्यालयाने व्हिसाची कागदपत्रे पाहिली जातात. वर्गातील व्याख्यान बदलत नाही.

व्याख्यान बदलते ते कसे?

ते कसे बदलते, हे काही उदाहरणांनी सांगणे बरे. ग्रामीण महाराष्ट्रातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सहकार शिकवितात. व्याख्या, तत्त्वे, गुणदोष आणि कायद्याची कलमे एवढे पाठ झाले की विषय संपतो. वस्तुतः त्याच्या गावाबाहेर ज्या साखर कारखान्याची चिमणी दिसते, तिच्यामागे अर्धे जग उभे आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथील विणकरांनी १८४४ साली काढलेले सहकारी दुकान, जर्मनीत रायफायझन याने सावकारीच्या पाशातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी काढलेल्या ग्रामीण पतपेढ्या, त्या पाहून मद्रास सरकारसाठी निकल्सन याने दिलेला अहवाल, त्यातून आलेला १९०४ चा कायदा आणि पुढे विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी उभा राहिलेला कारखाना, ही एकच साखळी आहे. तिच्या शेजारी स्पेनमधील बास्क प्रांतात १९५६ साली मोंद्रागोन येथे कामगारांनीच मालक होऊन सुरू केलेले उद्योग ठेवावेत. तेथे मालकी कामगाराची, येथे ऊस उत्पादकाची. तेथे कामगाराला मत आहे; येथे ऊसतोडणी कामगाराला ते नाही. असे का झाले, असा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारील. हा प्रश्न त्याच्या गावचाच आहे. परंतु तो त्याला सुचला जगाकडे पाहून.

दुसरे उदाहरण रोजगार हमी योजनेचे. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आलेली आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली ही योजना. १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिच्यापासून प्रेरणा मिळाली. जगभरच्या विकास-अर्थशास्त्रात तिचा अभ्यास होतो. मंदीच्या काळात १९३३ पासून अमेरिकेने काढलेली सार्वजनिक कामे आणि आर्थिक कोसळणीनंतर अर्जेंटिनाने २००२ साली बेकार कुटुंबप्रमुखांसाठी आखलेली योजना यांच्या शेजारी ती ठेवून शिकविली, तर विद्यार्थ्याला दोन गोष्टी कळतील. आपल्या प्रांताने जगाला काही दिले आहे, ही एक. आणि संकटकाळची तात्पुरती मदत व कायमचा हक्क यांतील फरक ही दुसरी.

वाङ्मयाच्या वर्गात तर ही वाट आधीच पडलेली आहे. आपणच ती चालत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती त्यांनी अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला. मुंबईत १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते १९६६ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या ब्लॅक पँथरवरून. शंभर वर्षांच्या या संवादाची संगती मराठीच्या किती पदवीधरांना ठाऊक असते? दलित साहित्य हा मराठी साहित्याचा एक प्रवाह म्हणून शिकविला जातो. मानवमुक्तीच्या जागतिक वाङ्मयाचा भाग म्हणून तो क्वचितच शिकविला जातो.

विज्ञानाचे शिक्षक म्हणतील, आमच्या विषयाचा याच्याशी काय संबंध? सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात लस शिकविताना हाफकिनची कथा सांगावी. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून भारतात आला आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्याने प्लेगची लस तयार केली. जानेवारी १८९७ मध्ये ती त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी लस टोचलेल्या एकोणीस जणांना धनुर्वाताने मृत्यू आला आणि दोष हाफकिनवर आला; तो निर्दोष असल्याचे मान्य होण्यास काही वर्षे जावी लागली. लसीचे रसायन, निर्जंतुकीकरणाचे तंत्र, परकी सत्तेवरील अविश्वास आणि शास्त्रज्ञाला न्याय मिळण्यास लागलेला विलंब, हे सारे एका तासात शिकविता येते. तांत्रिक ज्ञान त्याने उणे होत नाही. ते लक्षात राहते.

आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानप्रणालीच्या अभ्यासावर भर दिला असताना पुन्हा परदेशाकडे तोंड का वळवायचे? परंतु या दोहोंत विरोध आहे, असे मानणेच चुकीचे आहे. शून्यासह दशमान अंकलेखन ही भारताची देणगी, हे विद्यार्थ्याला सांगितलेच पाहिजे. पण ते अंक बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीच्या ग्रंथातून अरबी जगात कसे पसरले, उत्तर आफ्रिकेतील व्यापाऱ्यांत वाढलेल्या पिसाच्या लिओनार्दोने १२०२ साली ते युरोपीय वाचकांपुढे कसे मांडले, हे सांगितले नाही तर उरतो तो केवळ अभिमान. इतिहास उरत नाही. धर्मानंद कोसंबी बौद्ध विद्येच्या शोधात नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश हिंडले आणि पुढे हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाच्या संपादनाला बसले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. त्या परंपरेतील पु. वि. बापट यांनी केवळ चिनी भाषांतराच्या रूपाने पूर्ण उरलेल्या ‘विमुत्तिमग्गा’ची तुलना पाली ‘विसुद्धिमग्गा’शी केली आणि तो ग्रंथ १९३७ साली पुण्यातच प्रसिद्ध झाला. भारतातून नाहीशी झालेली भारतीय विद्या परत मिळविण्यासाठी चिनी शिकावी लागते, हे ज्याला कळले त्याला स्वदेशी आणि परदेशी हा झगडा व्यर्थ वाटेल. मराठ्यांच्या इतिहासासाठी फार्सी आणि पोर्तुगीज कागदपत्रे आवश्यक आहेत, हे सेतुमाधवराव पगडी आणि गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आपल्या कामाने दाखविलेच आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा. जग वर्गात आणायचे तर इंग्रजीतूनच शिकवावे लागेल, असे अनेक जण समजतात. आणि मग ज्याचे इंग्रजी कच्चे तो जगाला मुकतो. केतकरांचा ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश हे या समजुतीला दिलेले ठोस उत्तर आहे. इंग्रजी अवश्य यावी. पण इंग्रजी येईपर्यंत जगाने दाराबाहेर थांबावे, असे नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि तो शिक्षकांचा आहे. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक दोन-तीन महाविद्यालयांत तास घेत फिरतो. पुढील वर्षी आपण असू की नाही, याची त्याला शाश्वती नसते. त्याने रायफायझन आणि मोंद्रागोन केव्हा वाचावेत? या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. शिक्षकाला पोटापुरते आणि वाचनापुरते स्थैर्य दिल्यावाचून आंतरराष्ट्रीय शिक्षणाच्या गोष्टी बोलणे ही त्याची थट्टा आहे. परदेशी शाखांना सवलती देताना शासनाने जी तत्परता दाखविली, तिचा काही अंश या रिक्त जागांच्या वाट्याला आला पाहिजे.

शक्य कोटीतील काही गोष्टी

तोवर काहीच करता येणार नाही, असे मात्र नाही. अभ्यासमंडळांनी प्रत्येक विषयाच्या निदान एका प्रकरणात तुलनात्मक भाग ठेवावा आणि ती तुलना पश्चिमेशीच न ठेवता आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका यांच्याशीही ठेवावी. तिच्यावर परीक्षेत प्रश्न असावा. एरवी ती कागदावरच राहील. प्रश्न मात्र माहिती विचारणारा नसावा, कारणे विचारणारा असावा. विद्यापीठांनी अशा भागांसाठी मराठीत छोटी वाचनपुस्तके सिद्ध करावीत. चांगल्या शिक्षकांच्या एका गटाला दोन वर्षे दिली, तर हे काम होण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट संयुक्त वर्गांची. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने २००६ पासून एक उपक्रम पद्धतशीरपणे वाढविला आहे. दोन देशांतील दोन शिक्षकांनी काही आठवड्यांचा एकच अभ्यास आखायचा आणि दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी संगणकाच्या साहाय्याने एकत्र काम करून तो पुरा करायचा, असे त्याचे स्वरूप आहे. २०२० च्या साथीत आपल्या बहुतेक महाविद्यालयांना दूरस्थ वर्गांची सवय झाली. ते साहित्य आता बरेचसे पडून आहे. नाशिकच्या विद्यार्थ्यांनी द्राक्षबागांचा अभ्यास चिलीच्या वा दक्षिण आफ्रिकेच्या विद्यार्थ्यांबरोबर करावा. विमानाचे तिकीट लागत नाही. लागते ते दोन शिक्षकांचे सख्य आणि प्राचार्यांची अनुमती.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. जे जग वर्गात आलेलेच आहे त्याला आपण बोलू देत नाही. पुण्यात कित्येक दशके आफ्रिकेतील आणि पश्चिम आशियातील विद्यार्थी शिकत आले आहेत. ते शेवटच्या बाकावर बसतात, परीक्षा देतात आणि निघून जातात. त्यांच्या देशाविषयी त्यांना वर्गात बहुधा कोणी काही विचारीत नाही. हीच गत नंदुरबारच्या भिल्ल मुलाची, गडचिरोलीच्या माडिया मुलीची, ईशान्य भारतातून आलेल्या विद्यार्थ्याची. जंगलाच्या हक्काचा कायदा शिकविताना ज्याचे घर त्या जंगलात आहे तो विद्यार्थी मुकाट्याने टिपणे उतरवून घेत असतो. भिन्न संस्कृतींचा परिचय परदेशापासून सुरू होत नाही. तो शेजारच्या बाकापासून सुरू होतो. कोलंबियातील त्या चर्चासत्रात भारतीय विद्यार्थ्याला बोलण्यास जागा मिळाली, ती आपल्या वर्गात आपल्याच विद्यार्थ्याला मिळत नसेल, तर परदेशी विद्यापीठांची नावे फलकावर झळकवून काय साधणार?

नवी मुंबईत परदेशी शाखा सुरू होतील, त्यांची उद्घाटने होतील, छायाचित्रे छापून येतील. त्या शाखांमधून काही शे, फार तर काही हजार विद्यार्थी बाहेर पडतील. महाराष्ट्रातील लक्षावधी विद्यार्थी मात्र जुन्याच इमारतींत, जुन्याच बाकांवर बसणार आहेत. आपल्या उच्च शिक्षणाची पारख व्हायची आहे ती त्या बाकांवर. तेथे बसलेल्या मुलामुलींना स्वतःचे गाव जगाच्या संदर्भात आणि जग स्वतःच्या गावाच्या संदर्भात पाहता येऊ लागले, तर आपली विद्यापीठे या नावाला पात्र ठरतील. आणि त्यासाठी कोणाच्याही इरादापत्राची वाट पाहावी लागणार नाही.